बायझंटाइन दरबारावरची कादंबरी राजवाड्याबाहेर का पडत नाही?

बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) इथल्या राजवाड्यातील कारस्थानांवर लिहिलेल्या इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्या मी अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहे आणि त्या वाचताना एक तक्रार मनात सतत वाढत गेली आहे. विषाचा पेला, पडद्याआड कान देऊन उभा असलेला खोजा, नवऱ्याचा काटा काढणारी सम्राज्ञी आणि मध्यरात्री उघडणारा चोरदरवाजा एवढ्या सामग्रीवर बहुतेक लेखक भागवतात. ही सामग्री खोटी नाही, इतिहासात तिला आधार आहे. परंतु तिथले कारस्थान दालनात शिजत असले तरी त्याचा निकाल अनेकदा दालनाबाहेर लागत असे आणि नेमक्या त्याच ठिकाणी या कादंबऱ्या थांबतात, हे मला फार खटकते.

मुळात त्या दरबारात इतकी कारस्थाने का होत, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारायला हवा. तिथली माणसे जन्मतः कपटी होती, हे उत्तर आळशीपणाचे आहे. स्वतःला रोमनच म्हणवणाऱ्या या साम्राज्यात गादी कोणाला मिळावी याचा पक्का कायदा कधीच झाला नाही. सैन्याने, सेनेटने आणि नगरजनांनी ज्याचा जयघोष केला तो सम्राट ठरे आणि त्याच्या मस्तकावर पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, मुकुट ठेवत असे. राजघराण्यात जन्म झाल्याने दावा बळकट होई, पण तो अभेद्य होत नसे. शरीराने अव्यंग असलेला माणूसच सम्राट होऊ शकतो, ही समजूत खोल रुजलेली होती. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला ठार मारण्याऐवजी त्याचे डोळे काढणे किंवा नाक कापणे हा तिथला राजकीय उपाय झाला. (नाक कापून ६९५ मध्ये पदच्युत केलेला दुसरा जस्टिनियन दहा वर्षांनी परत येऊन पुन्हा गादीवर बसला, हा विलक्षण अपवाद.) खोजांना मोठी पदे मिळत, त्यामागेही हेच कारण होते, कारण ज्याला स्वतः मुकुट घालता येत नाही त्याच्यावर मुकुटधारी माणूस निर्धास्तपणे विसंबू शकतो. बारभाईंच्या कारस्थानाकडे आपण मराठी वाचक राजकारण म्हणून पाहतो, त्याची कारणे आणि त्यातील माणसांचे हिशेब समजून घेतो. तेवढाच गंभीरपणा कॉन्स्टँटिनोपलच्या वाट्यालाही यायला हवा.

डिसेंबर ९६९ मधील सम्राट निकेफोरोस फोकासच्या खुनाचे उदाहरण घ्यावे. त्याची पत्नी थिओफानो फितूर झाली, सेनापती योआनिस त्झिमिस्केसला समुद्राच्या बाजूने दोरांनी वर ओढून राजवाड्यात घेण्यात आले, मारेकऱ्यांना सम्राटाचा पलंग रिकामा दिसला आणि मग जमिनीवर झोपलेला सम्राट त्यांच्या हाती लागला. हा प्रसंग रंगवण्याचा मोह कोणत्याही लेखकाला होईल. पण खरे नाट्य त्यानंतर आहे. खुनी माणूस मुकुट मागायला हागिया सोफिया या शहरातील मुख्य चर्चच्या दाराशी गेला, तेव्हा वृद्ध पॅट्रिआर्क पोलिएउक्तोसने त्याला अडवले, थिओफानोला राजवाड्यातून घालवण्याची अट घातली आणि त्झिमिस्केसने ती मान्य केली. जिच्या मदतीने गादी हाती आली तिलाच हद्दपार करून त्याने राज्याभिषेक करून घेतला. या वाटाघाटींतील भीती, हिशेब आणि अपमान यांवर एक अख्खा भाग लिहिता आला असता, परंतु बहुतेक कथानकांत रक्त वाळण्याआधीच पडदा पडतो.

माझ्या मते या साम्राज्यातील सर्वांत मोठा कादंबरीविषय मात्र १०२८ ते १०४२ या चौदा वर्षांत आहे. सम्राट आठव्या कॉन्स्टंटाइनला मुलगा नव्हता. मरणाच्या दारात असताना त्याने झोई या आपल्या मुलीचे लग्न रोमानोस आर्गिरोसशी लावले, तेव्हा ती पन्नाशीला आलेली होती आणि रोमानोसच्या आधीच्या पत्नीला त्यासाठी मठात जावे लागले. १०३४ च्या एप्रिलमध्ये रोमानोस स्नानगृहात मरण पावला आणि त्याच दिवशी झोईने मिखाएल या तरुण प्रियकराशी लग्न केले. त्याला अपस्माराचे झटके येत. झटका आला की दरबाऱ्यांना तो दिसू नये म्हणून सेवक त्याच्याभोवती पडदे ओढून घेत. कारभार हाकणारा खरा माणूस होता त्याचा भाऊ, खोजा योआनिस, ज्याचा हुद्दा अनाथालयाच्या प्रमुखाचा होता. त्याच्याच आग्रहाने झोईने मिखाएल नावाच्याच भाच्याला दत्तक घेतले. या भाच्याचा बाप पूर्वी जहाजांच्या फटी बुजवण्याचे काम करीत असे, म्हणून लोक या भाच्याला कालाफातेस, म्हणजे फटी बुजवणारा, म्हणत.

मामा मिखाएल डिसेंबर १०४१ मध्ये वारला आणि भाचा गादीवर आला. त्याने आधी योआनिसलाच हद्दपार केले आणि पुढच्या एप्रिलमध्ये दत्तक आईवर विषप्रयोगाचा आरोप ठेवून, तिचे केस कापून, तिला जोगिणीच्या वेषात प्रिन्किपो बेटावर पाठवले. राजवाड्याच्या आतले कारस्थान इथे पूर्ण यशस्वी झाले होते. पहारेकरी त्याचे होते, खजिना त्याचा होता आणि झोई समुद्रापार होती. दुसऱ्या दिवशी कॉन्स्टंटाइनच्या चौकात नगरप्रमुखाने त्याचा जाहीरनामा वाचला आणि गर्दीतून आवाज आला की क्रॉस पायदळी तुडवणारा कालाफातेस आम्हाला सम्राट म्हणून नको, आमची आई झोई हवी. त्याने पवित्र अवशेषांवर हात ठेवून झोईशी निष्ठेची शपथ घेतली होती, हे लोकांना ठाऊक होते.

त्यानंतर जे घडले ते इतिहासकार मिखाएल प्सेलोसने जवळून पाहिले. तो तेव्हा चोवीसच्या आसपासचा होता, सम्राटाच्या कचेरीत चिटणीस होता. अंतःपुराबाहेर कधी न दिसलेल्या स्त्रिया रस्त्यावर ऊर बडवीत आल्या, असे तो लिहितो. घाबरलेल्या सम्राटाने झोईला परत आणून हिप्पोड्रोम या रथशर्यतींच्या मैदानाच्या सज्जात उभे केले, तरी जमाव शांत झाला नाही. लोकांनी पेत्रिओनच्या मठातून तिची धाकटी बहीण थिओडोरा हिला बाहेर काढले, हागिया सोफियात नेले आणि तिथे तिचा जयघोष केला. या लढाईत तीन हजार माणसे मेली, असे इतिहासकार स्कायलिट्झेस सांगतो. सम्राट मिखाएल आणि त्याचा मामा कॉन्स्टंटाइन पळून जाऊन स्टुडिओसच्या मठात वेदीला बिलगून बसले असताना प्सेलोस तिथे पोहोचला. तो संतापून आत गेला होता आणि त्यांची अवस्था पाहून रडला. दोघांना बाहेर ओढून त्यांचे डोळे काढण्यात आले. मामा धीराने पुढे झाला, सम्राटाला मात्र बांधावे लागले.

अशी साक्ष हाताशी असताना लेखकाला खलनायक शोधण्याची घाई का व्हावी, हे मला समजत नाही. रोमानोसच्या मृत्यूबद्दल प्सेलोस कमालीचा सावध आहे. त्याने अंत्ययात्रा स्वतः पाहिली होती आणि सुजलेल्या चेहऱ्यावरून सम्राटाला ओळखता येत नव्हते, असे तो सांगतो. स्नानगृहात काहींनी त्याचे डोके पाण्याखाली दाबले, ही गोष्ट तो ऐकीव म्हणून नोंदवतो, पण खात्री देत नाही. आधुनिक कादंबरीत ही शंका पहिल्याच बळीसारखी मारली जाते आणि झोई खुनी ठरते. माझ्या दृष्टीने ती शंकाच कथेचा प्राण आहे, कारण साऱ्या दरबाराला त्याच शंकेसह त्याच सम्राज्ञीपुढे रोज वाकावे लागत होते. कोळशाच्या शेगड्यांवर सुगंधी द्रव्ये तयार करीत बसलेली, सढळ हाताने दान करणारी आणि शहराला आपली वाटणारी ही म्हातारी बाई एखाद्या विषकन्येच्या साच्यात बसत नाही.

आणि थिओडोरेकडे तर कोणी वळूनही पाहिलेले मला आढळले नाही. बहिणीनेच तिला मठात डांबले होते. जमाव दारात आला तेव्हा ती वेदीशी जाऊन बसली आणि तिला ओढून बाहेर काढावे लागले. त्यानंतर दोघी बहिणी काही आठवडे शेजारी शेजारी बसून राज्य करू लागल्या, न्याय देऊ लागल्या, फर्माने काढू लागल्या. जिने कोंडले आणि जिला कोंडले, त्या दोघी एकाच दरबारात, शहराच्या धाकाने, एकमेकींना जागा करून देत होत्या. जूनमध्ये झोईने कॉन्स्टंटाइन मोनोमाखोसशी तिसरे लग्न केले आणि थिओडोरा पुन्हा मागे सरली. पण झोई १०५० मध्ये आणि मोनोमाखोस १०५५ च्या जानेवारीत वारल्यावर हीच बाई, सत्तरी ओलांडलेली, लग्न न करता एकटी गादीवर बसली आणि १०५६ मध्ये मरेपर्यंत तिने कारभार पाहिला. तिच्याबरोबर तिचे राजघराणे संपले. ज्या लेखकाला हा दरबार खरोखर लिहायचा आहे, त्याने पेत्रिओनच्या मठात बसलेल्या या स्त्रीच्या नजरेतून सुरुवात करावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.