नम्रतेत पहिला नंबर कसा काढावा

राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, जवळ आला, तयारीला लागा. नम्र दिसायला प्रायश्चित्तकाळासारखा हंगाम नाही. त्या दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं: उपास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि हे ऐकवून झालं की फादर कपाळाला राख लावतात! गोंधळू नका. आपण राखेपुरतं घ्यायचं. विरार लोकलमध्ये घाम पुसताना रुमाल भुवयांच्या वर नेऊ नये. कुणी विचारलंच, तर नजर खाली घालून 'काही विशेष नाही हो' म्हणावं आणि मग अंधेरी येईपर्यंत सांगत राहावं.

सक्तीचे उपास दोनच, हा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंथोडं खायची मुभा. एवढ्यावर कोण संत म्हणणार? तेव्हा चाळीसही दिवस काहीतरी सोडा. काय सोडलं ते सांगायचं नाही. ऑफिसात वाढदिवसाचा केक फिरला की हात जोडून 'यंदा नको' एवढंच. शुक्रवारी मटण चालत नाही म्हणून पापलेट तळणाऱ्या शेजाऱ्यांना काही बोलू नका. नुसतं त्यांच्या ताटाकडे बघा. या काळात कांदा वर्ज्य नाही, नाकाने सोलला तरी.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या संत बर्नार्डने गर्वाच्या बारा पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. बिचाऱ्याने त्या टाळण्यासाठी लिहिल्या. आपण चढण्यासाठी वाचाव्यात. पाचव्या पायरीवरचा त्याचा मठवासी जेवताना सगळ्यांच्या पानांकडे बघतो आणि कुणी आपल्यापेक्षा कमी खाल्लं की हरल्यासारखा खट्टू होतो. बाकीचे उठून गेले की हा प्रार्थनागृहाच्या कोपऱ्यात एकटा थांबतो, आणि खाकरून, उसासे टाकून बाहेरच्यांना वर्दी देतो. तेव्हा घसा खरवडावा लागायचा. तुम्ही ग्रुपवर पहाटे चारला स्तोत्र टाका. वेळ आपोआप दिसते.

नववी पायरी खोट्या पापकबुलीची. 'माझ्यासारखा पापी सगळ्या धर्मग्रामात (म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत) नाही' हे वाक्य पाठ करा. एकूण पापी म्हणवून घ्यायला हरकत नाही. भावाच्या वाटणीची वाडी, कामवालीचा थकलेला पगार असे किरकोळ तपशील टाळावेत. समोरच्याने 'छे छे, तुम्ही कसले पापी!' म्हणायचं असतं. तो 'खरंय' म्हणाला, तर त्याच्याकडचं जाणं-येणं बंद.

लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात, देवळात प्रार्थनेला आलेला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, चुकला कुठे? आठवड्यातून दोनदा उपास, कमाईचा दशांश, सगळं चोख. फक्त जागा चुकली. दूर उभा राहून 'मी पापी' म्हणत छाती बडवणारा जकातदार बाजी मारून गेला, म्हणून आपण शेवटचा बाक धरायचा. तो उशिरा येणाऱ्यांनी बळकावलेला असतो, तेव्हा अर्धा तास आधी पोचा.

आणि पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत नाव आलं पाहिजे. २०१६पासून रोमने बायकांनाही मोकळीक दिल्यामुळे चुरस वाढली आहे. विचारणा झाली की आधी नाही म्हणा, येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही म्हणालाच होता. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा मान खाली घालून कबूल व्हा. पाय घरून धुऊन, टाचा घासून जा. आणि खुर्ची फोटोग्राफरच्या बाजूची आहे ना, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.