क्रीम रंगाच्या बीटलवर गुलाबी झाक का आली: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपल्या आजोबांच्या 1966 सालच्या फोक्सवॅगन बीटलचे 1/24 प्रमाणातील मॉडेल आम्ही आपण आणून दिलेल्या किटमधून (सुट्या प्लास्टिक तुकड्यांच्या संचातून) तयार केले. ते ठरल्यापेक्षा 24 दिवस उशिरा मिळाले, दोन महिन्यांत क्रीम रंगावर गुलाबी झाक आली, काचा आतून धुरकट झाल्या, टायर शोकेसच्या तळाला चिकटून तिथे खड्डे पडले आणि ‘तयार तुकडे डिंकाने जोडायचे 8,500 रुपये घेतले’, अशी आपली तक्रार आहे. आपण फोन केला तेव्हा दुकानातल्या मुलाने ‘उन्हाने रंग उतरला असेल’ असे सांगून वेळ मारून नेली, हेही आपण लिहिले आहे. ते उत्तर चुकीचे होते. उन्हाने क्रीम रंग पिवळट पडेल, गुलाबी होणार नाही.

खरे कारण असे की त्या किटची बॉडी लाल प्लास्टिकची होती. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि त्यातला लाल रंग लॅकरच्या (लवकर वाळणाऱ्या फवारणीच्या रंगाच्या) थिनरमध्ये विरघळतो आणि वरच्या थरांतून हळूहळू पृष्ठभागावर येतो. वरचा रंग फिकट असेल तर तो लपत नाही, आणि कधी कधी काही आठवड्यांनीच दिसू लागतो. आम्ही राखाडी प्रायमरचे दोन हात दिले होते. परंतु नंतर 1000 नंबरच्या वॉटर पेपरने घासताना मडगार्डच्या कडांवरचा आणि छताच्या पन्हळीवरचा प्रायमर निघून प्लास्टिक उघडे पडले असणार, कारण आपल्या फोटोंमध्ये गुलाबी रेघ नेमकी तिथेच आहे आणि पुढचे झाकण (बीटलचे इंजिन मागे असल्याने त्याला बॉनेट म्हणावे की डिकी, हा वाद तूर्त बाजूला ठेवू) अगदी स्वच्छ आहे. अशा बॉडीवर प्रायमरनंतर चंदेरी रंगाचा एक थर देऊन लाल रंग खालीच अडवायचा असतो. हे मला माहीत आहे, कारखान्याच्या भिंतीवर लिहूनही ठेवले आहे, आणि आपल्या गाडीच्या वेळी तो थर आम्ही दिला नाही. यात आपला काहीही दोष नाही.

काचांचेही तसेच. काचा आम्ही पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या डिंकाने बसवतो, कारण सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरा थर धरते. मात्र आतला आरसा शेवटच्या दिवशी सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवला गेला आणि वाफ जायला वेळ न देता बॉडी चासीवर स्क्रूने आवळून गाडी खोक्यात बंद केली. घाई आमची होती. बॉडी उघडून काचा पॉलिश केल्या की तो थर निघतो. आपण बाहेरून कितीही पुसले तरी तो निघणार नाही, तेव्हा कृपया घासू नये, ओरखडे पडतील.

उशिराबद्दल मात्र मला दोन बाजू मांडायच्या आहेत. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर फवारताच थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले पाणी धरते आणि रंग दुधाळ पडतो. म्हणून आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर असली की आम्ही एअरब्रश हातात घेत नाही, आणि आपली बॉडी त्या पावसात 19 दिवस नुसती झाकून ठेवावी लागली. थांबणे योग्यच होते. परंतु जूनमध्ये ऑर्डर घेतानाच ‘पावसाळ्यात तारीख पाळता येणार नाही’ असे सांगायला हवे होते आणि ते सांगितले नाही, म्हणून आपला राग मला समजतो.

टायरच्या बाबतीत मी सहमत नाही. किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये झिरपून त्याला वितळवते. याच कारणाने रिमवर आम्ही ॲल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळतो, आणि आपल्या फोटोंत रिम शाबूत आहेत. खड्डे पडले ते आपण बाहेरून घेतलेल्या प्लास्टिकच्या शोकेसला. गाडी काचेवर ठेवावी, अशी चिठ्ठी आम्ही खोक्यात घातली होती. ती फोमच्या खाली होती आणि तिथे कोणी पाहत नाही, हे मान्य. शोकेसचे पैसे मी देणार नाही, पण मापाची काचेची पट्टी विनामूल्य देईन.

आता ‘तुकडे जोडण्या’विषयी. किटमधला डॅशबोर्ड डाव्या बाजूच्या चालकासाठी होता आणि आजोबांची गाडी उजव्या बाजूची. तो बारीक करवतीने मधोमध कापून बाजू बदलल्या, सांधा पुट्टीने भरला आणि स्पीडोमीटरची गोल कडा पुन्हा कोरली. एवढ्यालाच 11 तास गेले. छतावरचे कॅरियर आपण दिलेल्या एकमेव कृष्णधवल फोटोवरून अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचे, डाग देऊन (सोल्डर करून) केले. किटचा सिमेंट हा मुळात डिंक नव्हेच, तो प्लास्टिक विरघळवून सांधतो, आणि तो सांधा आठवडाभर सुकू दिला नाही तर रंग दिल्यानंतर तिथे पुन्हा रेघ बसते. 8,500 रुपये मजुरीचे घेतले ते या कामाचे, आणि ती रक्कम मला आजही वाजवी वाटते. काम निर्दोष झाले असते तर आपल्यालाही वाटली असती.

आता पाऊस संपला आहे, ऑक्टोबरची कोरडी हवा रंगकामाला उत्तम आहे. गाडी परत पाठवल्यास मूळ रंग पूर्ण उतरवून, चंदेरी थरासह नव्याने रंग देऊन आणि काचा स्वच्छ करून 20 दिवसांत परत देतो. दोन्ही बाजूंचे कुरिअर आमच्याकडे, आणि उशिरापोटी 1,500 रुपये आपल्या खात्यात आजच परत करत आहे. पाठवताना कॅरियरवर फोम दाबू नये, त्याचे चारही पाय नाजूक आहेत. गाडी स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून, टायरखाली जाड कागद ठेवून खोक्यात भरावी. सोमवारी दुकान बंद असते, तेव्हा पार्सल मंगळवारी पोहोचेल असे पाहावे.

आपला,
दुकानाचा मालक