जुदासचा भात

जहाजावर असताना आमचा कुक फिलिपिनो होता. गॅलीत खवलेलं खोबरं पिळता पिळता त्यानं एकदा मला कोडं घातलं. "जुदासनं भात शिजवला. पाणी ठेवून घेतलं, तांदूळ फेकून दिले. काय ते सांग." मी रत्नागिरीचा. समोर चोथा, वाडग्यात नारळाचं दूध, आणि तरी मला उत्तर येईना! गडी हसून हसून बेजार.

मला गंमत वाटते ती त्या जुदासची. तो फिलिपिन्सवर राज्य करायला आलेल्या स्पॅनिशांबरोबर आला. कोड्याचा हा प्रकार, फिलिपिनोंच्या भाषेत बुगतोंग, त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे बायबलातला एवढा मोठा खलनायक शेवटी खोबरं पिळायला बसवला की नाही लोकांनी?

फिलिपिन्सच्या जुन्या साहित्याबद्दल दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. एक, स्पॅनिशांच्या आधी तिथं काही नव्हतंच. दुसरं, खूप होतं, पाद्र्यांनी सगळं जाळलं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीकडे साहित्य म्हणजे पोथ्या असं धरलेलं आहे.

लिहिता येत नव्हतं म्हणावं तर लगुना प्रांतात सापडलेला ताम्रपट बघा. सुरुवात 'स्वस्ति शक...' अशी. पुढं शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपल्या लग्नपत्रिकेवर असतं अगदी तसं! इसवी सन ९००. मजकूर काय, तर नामवारान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटल्याची पावती. काव्यबिव्य काही नाही.

पुढं मनिलाच्या आसपासच्या टागालोग लोकांकडे बायबायिन लिपी होती. १७ अक्षरं, आपल्या ब्राह्मीच्याच गोतावळ्यातली. हिच्यात व्यंजनाचा पाय मोडता येत नसे. 'बुंदोक' म्हणजे डोंगर, लिहायचे नुसतं 'बुदो'. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. पाद्र्यांची पंचाईत झाली. १६२० साली फ्रान्सिस्को लोपेझनं पाय मोडायला छोटासा क्रूस जोडून पाहिला (दुसरं काय जोडणार!). टागालोग लोकांनी तो काही घेतला नाही. पुढं ती लिपीच मागं पडली, आणि हे नुकसान खरंच मोठं आहे.

पण गाणी मुळात राहायची गळ्यात. डोंगरातल्या इफुगाओ जमातीच्या बायका पेरणीला, कापणीला, मयताच्या रात्री हुदहुद नावाची कथागीतं गातात, त्यांना कागद कधी लागला नाही. त्या डोंगरात स्पॅनिशांची डाळ फारशी शिजलीही नाही. लिहिणारेही होते म्हणा. मिंदोरो बेटावरचे मांग्यान लोक आपलं आंबाहान, म्हणजे त्यांची कविता, सुरीनं बांबूवर कोरतात, ओळीला सात अक्षरं. ते जमवत आयुष्य घालवलेले डच धर्मगुरू अँटून पोस्टमा यांनीच तो ताम्रपटही वाचला.

पाद्र्यांना ही गळ्याची ताकद कळली होती. त्यांनी १५९३ ला मनिलात 'डॉक्ट्रिना क्रिस्टियाना' ही ख्रिस्ती शिकवणीची पोथी छापली ती स्पॅनिशबरोबर टागालोगमध्येही, रोमन आणि बायबायिन दोन्ही लिपींत. आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्सनी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं, तेही हेच ओळखून. आणि १८ व्या शतकाच्या सुरुवातीला छापखान्यात काम करणाऱ्या गास्पार आकिनो दे बेलेननं येशूच्या मरणाची कथा टागालोग पद्यात आणली. तिथून पासिओनची परंपरा चालली: आठ आठ अक्षरांच्या पाच ओळी, आणि पवित्र आठवड्यात दिवसरात्र न थांबता गायन. आपला अखंड सप्ताहच म्हणा ना. गाणारे आळीपाळीनं बसतात, घरधनी आल्याचा काढा आणि खाणं पुरवतो.

याला कोणी गुलामी म्हणेल. मी नाही म्हणणार. रेनाल्डो इलेटो या इतिहासकारानं १९७९ साली दाखवून दिलं की पिचलेल्या शेतकऱ्याला बंडाची भाषा याच पासिओननं दिली. हालअपेष्टा, मरण, मग सुटका, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. शिकलेल्यांना होसे रिझालच्या कादंबऱ्यांनी जागं केलं हे खरंच, पण त्या स्पॅनिशमध्ये होत्या. शेतावरचा माणूस त्या वाचणार कधी?

त्या वर्षी गुड फ्रायडेला आम्ही बंदरात होतो, रेंज होती. कुकनं घरी फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि कांदे चिरत बसला. पलीकडं पासिओन चालू होतं. त्यात आईचा आवाज कुठला ते त्याला कळत होतं. मला मधूनमधून ताटल्या वाजल्याचं तेवढं ऐकू येत होतं.