नाशिकला समुद्र? तोही बारा हजार वर्षांपूर्वी?

सोसायटीच्या आणि शाळामित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. १२,००० वर्षांपूर्वी नाशिक समुद्राखाली होतं, असं त्यात ठासून सांगितलंय. पुरावे म्हणून डोंगरांचे आडवे थर, विहिरी खणताना निघणारं ‘समुद्री मीठ’ आणि गोदाकाठचे शिंपले. वर हिमालयही एकेकाळी समुद्राखाली होता हा दाखला, आणि ‘हे शाळेत शिकवत नाहीत’ हे नेहमीचं शेपूट.

आधी तारीख बघू. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. १२,००० वर्षांपूर्वीही ती बरीच खालीच होती. म्हणजे मुंबईपुढचा उथळ तळ तेव्हा कोरडा आणि किनारा आणखी पश्चिमेला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. पृथ्वीवरचा सगळा बर्फ आज वितळला तरी पाणी ७० मीटरच्या आसपासच चढेल. परशुरामाने समुद्र हटवला तोसुद्धा कोकणातून. घाटावर त्याला ते काम पडलं नाही.

‘डोंगरांचे थर समुद्राच्या गाळाचे.’ ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, कुठलाही घ्या, दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. प्रवाहातला घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, सच्छिद्र भाग झिजून उतार होतो, पायऱ्या त्याच्या. दोन प्रवाहांमध्ये जागोजागी लाल पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येण्याआधी खालचा खडक हवापाण्यात कुजून तयार झालेली ती माती आहे, आणि तशी माती उघड्या जमिनीवर होते.

‘विहिरीतलं मीठ’ हा तर सगळ्यात गमतीचा दावा. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या खडकातल्या पोकळ्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या. नंतर त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्याने तिथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढवले. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींचे असे नमुने जगभरचे संग्राहक ओळखतात; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे मांडलेले आहेत. घरी असेल तर तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी तो तसाच असेल. मीठ असतं तर त्र्यंबकच्या पावसाने कधीच धुऊन नेलं असतं.

शिंपल्यांचं उत्तर छोटं आहे. गोड्या पाण्यातही शिंपले आणि गोगलगायी असतात. गोदावरी ही नदी आहे.

राहिला हिमालय, आणि तेवढं मात्र खरं आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. टक्कर सुरू झाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, तळाचा गाळ चुरगळत वर गेला, म्हणून गंडकीत शाळीग्राम, म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवांचे जीवाश्म, मिळतात आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडी. सह्याद्रीची कथा उलटी आहे. इथे समुद्र मिटला नाही, उघडला. लाव्हा ओतला जात होता तेव्हा सेशेल्स बेटांचा भूभाग आपल्या पश्चिम कडेला लागूनच होता. नंतर, ६.३ कोटी वर्षांच्या सुमारास, कवच फाटलं आणि त्या फटीत नवा सागरतळ तयार होत गेला. ते सेशेल्स आज मुंबईपासून ३,००० किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे मुंबईसमोरचा अरबी समुद्र ब्रह्मगिरीच्या दगडापेक्षा वयाने लहान आहे, आणि मेसेज म्हणतो की तो इथून मागे हटला!

फाटलेली पश्चिम कड उचललेली राहिली आणि पठार पूर्वेकडे कललं. म्हणूनच अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

समुद्री जीवाश्म बघायचेच असतील तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात जा. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र खरंच आत शिरला होता. त्याच्या चुनखडीत अमोनाइट, समुद्री साळ (सी अर्चिन), शार्कचे दात सापडतात. आपला काळा पाषाण तिथे त्या चुनखडीच्या वर पसरलेला आहे.