टोंगळा आणि तर्री

मित्रांची नावं इथे लिहीत नाही. लिहिली तर येत्या रविवारी माझ्या पोह्यांवर तर्री (चण्यांचा लाल, तेलकट रस्सा) पडणार नाही, आणि नागपुरात बिनतर्रीचे पोहे खाताना कोणी पाहिलं की पहिला प्रश्न येतो, "काय भाऊ, पोट बिघडलं काय?" म्हणून नावांऐवजी आकडे. तसेही ते एकमेकांना आकड्यांनीच हाका मारतात. हे आकडे त्यांच्या लाडक्या मोटरसायकल शर्यतपटूंचे. एकाच्या हेल्मेटवर व्हॅलेंटिनो रॉसीचा पिवळा ४६. दुसऱ्याच्या टाकीवर होर्हे लोरेन्झोचा ९९. तिसऱ्याच्या पुढच्या मडगार्डवर मार्क मार्केझचा ९३. या त्र्याण्णवला एकदा ट्रॅफिक पोलिसाने थांबवून विचारलं, "यातला गाडीचा नंबर कोणता?" तर हा त्याला मार्केझ समजावून सांगायला लागला. पोलिसाने लायसन्सही न पाहता सोडलं.

दर रविवारी सकाळी आठला आम्ही धरमपेठेतल्या एका ठेल्यावर जमतो. युरोपातली मोटोजीपीची (मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेची) शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होते. म्हणजे मधे साडेनऊ तास मिळतात, आणि भांडणाला ते कमी पडतात. भांडण एकच असतं: गाडी चांगली चालवतो कोण? जिंकतो कोण, हे नव्हे. ते तक्त्यात छापलेलंच असतं, त्यात काय भांडायचं? वळणावर कोण कसा बसतो, ब्रेक कुठवर ओढतो, टोंगळा कधी टेकवतो, यावर मात्र चाळिशी ओलांडलेली, गृहकर्ज घेतलेली माणसं एकमेकांच्या ताटलीतली शेव उचलून फेकतात. (टोंगळा म्हणजे गुडघा. पुण्याकडच्या वाचकांनी काळजी करू नये.)

मी या कोर्टाचा न्यायाधीश. नेमणूक कशी झाली, तर शेहेचाळीस म्हणाला, "तुले यातलं घंटा काही समजत नाही, म्हणून तू निष्पक्ष."

सगळ्यात जुना खटला पायाचा. रॉसी वळणाआधी करकचून ब्रेक मारताना आतल्या बाजूचा पाय गाडीच्या पाय ठेवायच्या खुंटीवरून काढून हवेत लोंबता सोडायचा. २००५ च्या सुमारास हे लोकांच्या डोळ्यांत भरलं, आणि मग एकेक करत अर्धी रांग पाय सोडायला लागली. का सोडतो, यावर आमच्या ठेल्यावर किमान चार सिद्धान्त आहेत. वजन खाली येतं म्हणून. वारा अडतो म्हणून. मागच्याला घाबरवायला. चौथा सिद्धान्त ठेलेवाल्या भाऊंचा, "पायात मुंग्या येत असतील त्याच्या." मला विचाराल तर हाच सगळ्यात पटण्यासारखा आहे, पण न्यायाधीशाने मत द्यायचं नसतं.

नव्याण्णवला हे पाय सोडणं बिलकूल खपत नाही. त्याच्या मते गाडी चालवावी तर लोरेन्झोने. ना झटका, ना धक्का. स्पॅनिशमध्ये लोरेन्झोबद्दल दोन शब्द लावतात, लोणी आणि हातोडा. हात लोण्यासारखा मऊ आणि एकामागून एक फेऱ्या हातोड्यासारख्या एकाच वेळेच्या. "त्याले पाहताना असं वाटते, की हा रस्त्यावरून जाऊनच नाही राहिला, रस्ताच त्याच्याखालून जाऊन राहिला," असं नव्याण्णव डोळे मिटून म्हणतो. तेवढ्यात त्र्याण्णव त्याच्या ताटलीतली मिरची उचलतो.

त्र्याण्णवचा देव म्हणजे पडता पडता न पडणारा. घड्याळाचा तासकाटा बारावर उभा असतो तो दोनवर आला की साठ अंश होतात. मार्केझची गाडी त्याच्याही पलीकडे लवते. टोंगळा तर टेकतोच, वर कोपरही घासतं. पुढचं चाक सुटलं, आता गेला, असं आपण म्हणेपर्यंत हा टोंगळा आणि कोपर जमिनीत रोवून गाडी परत उचलतो. टोंगळा टेकवणं १९७८ ते १९८० असं सलग तीनदा जगज्जेता झालेल्या केनी रॉबर्ट्सने लोकप्रिय केलं, आणि मार्केझने कोपराला बढती दिली. "उद्या कान टेकवतील," शेहेचाळीस म्हणतो.

कधीमधी सत्तावीसही येतो. त्याचा केसी स्टोनर. मागचं चाक घसरवत घसरवत वळण काढणारा, ज्या डुकाटीला इतर कोणी वळवू शकत नव्हतं तिच्यावर २००७ मध्ये दहा शर्यती जिंकून जगज्जेता झालेला. स्टोनरने २०१२ च्या अखेरीस, ऐन भरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी शर्यती सोडल्या. आमचा सत्तावीसही ऐन भरात उठतो. बिल यायच्या दोन मिनिटं आधी.

आता यात गंमत अशी, की ही मंडळी स्वतः गाडी कशी चालवतात हे मला ठाऊक आहे, कारण मी तिघांच्याही मागे बसलोय. माणूस आपल्यात जे नाही त्याचीच पूजा करतो की काय कोण जाणे, पण मार्केझचा भक्त सिमेंट रोडवर तिसाच्या वर जात नाही आणि डावीकडे वळायच्या शंभर मीटर आधीपासून इंडिकेटरही देतो, हातही दाखवतो. आणि लोण्याचा पुजारी ब्रेक असा मारतो, की मागच्याचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टण्णकन आपटतं. त्याच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक पोचा आहे. तो माझा आहे.

एका रविवारी हे मी बोलून गेलो. न्यायाधीशाने बोलू नये ते बोललो.

त्यावर नव्याण्णव उसळला. "चल, आत्ता घरी सोडतो तुले. एक थेंब सांडला तर सांग." थेंब तर्रीचा. मी दर रविवारी घरी पोह्यांसोबत तर्रीचं पार्सल नेतो: पातळ प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रबराचे चार वेढे, आत लाल तेलाचा बोटभर थर आणि तळाशी चणे. ठेल्यापासून माझं प्रतापनगरचं घर तीनेक किलोमीटर. शंकरनगर चौक, बजाजनगर, मग आमच्याकडची गल्लीबोळं. ठरलं, की तीन रविवार तिघांनी आपापल्या देवाचं नाव घेऊन मला सोडायचं, आणि निकाल तर्री लावेल.

शाळेत भौतिकशास्त्रात मी काठावर पास झालो होतो, पण एवढं मला तेव्हाही कळलं होतं: गाडी वळणावर जेवढी लवायला हवी तेवढीच लवली, तर मांडीवरची तर्री गाडीबरोबर लवते, पिशवीत तिची पातळी जिथल्या तिथे राहते. वळणाने तर्री सांडत नाही. तर्री सांडते ब्रेकने.

नव्याण्णवने शंकरनगर चौक खरोखर देखणा काढला. खांदे सैल, मान वळणाच्या टोकाकडे. मी पिशवीकडे पाहत होतो. लाल थर हलला नाही. मला वाटलं, याचं सालं आपण उगाच नाव घेतलं. आणि चौक संपला तसा समोर ऑटो थांबला. पुढचं मी सांगत नाही. त्या शर्टाचं आता गाडी पुसायचं फडकं झालंय.

पुढच्या रविवारी त्र्याण्णव. तर्रीचा थेंब सांडला नाही, पण घरी पोचलो तेव्हा ती इतकी गार झाली होती, की तेल वर थिजून साय धरल्यासारखं झालं होतं. वाटेत आम्हाला एक सायकलवाले आजोबा ओलांडून गेले आणि मागे वळून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

तिसऱ्या रविवारी शेहेचाळीसने बजाजनगरला थाटात पाय सोडला आणि तो फुटपाथला टेकून उभ्या असलेल्या एका गाईच्या पोटाला लागला. गाय जागची हलली नाही. तिने नुसतं पाहिलं. शेहेचाळीसने पाय वर घेतला तो घरापर्यंत खुंटीवरच.

चौथ्या रविवारी ठेल्यावर नुसता गोंधळ. तिघंही म्हणे आपणच जिंकलो. शेजारच्या बाकावर एक काकाजी बसले होते, काटोलकडचे, पांढरी टोपी, ताटलीत दुप्पट चणे. बराच वेळ ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "शंकरपटाचं चालू हाय काय हो?"

"नाही काकाजी, मोटरसायकलच्या शर्यतीचं."

"तेच थे. मंग बैल कोणाचा होता?"

कोणाला काही कळेना. काकाजींनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारा) कितीही गडी असला तरी लोक आधी जोडी विचारतात. छकडा हलका, बैल बाणावानी सुटतो, सेकंदाच्या काट्यावर निकाल. बैल धुरकऱ्याच्या हाताचा नसला, तर धुरकरी नुसता वर बसून राहतो. "तुमच्या गड्यानं कदी बैल बदलला काय?"

शेहेचाळीसने मान खाली घातली. रॉसी २०११ मध्ये यामाहा सोडून डुकाटीवर गेला होता. दोन वर्षं, एकही विजय नाही. ज्या बैलावर स्टोनर जगज्जेता झाला तो बैल रॉसीच्या हाताला लागलाच नाही. परत यामाहावर आला तेव्हा २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ॲसनला जिंकला. नव्याण्णव हसायला लागला, तर काकाजी त्याच्याकडे वळले, "अन् तुमचा?" लोरेन्झोही डुकाटीवर गेला होता. २०१७ चं अख्खं वर्ष हात हलवत परत. २०१८ मध्ये तीन शर्यती जिंकल्या, तोवर कंपनीशी काडीमोड ठरला होता. "म्हंजे बैल ओळखाले येळ लागला त्याले," काकाजी म्हणाले. "लागते." उरला त्र्याण्णव. त्याने सगळ्यात शेवटी, छाती काढून सांगितलं, की मार्केझने होंडा सोडली, डुकाटी धरली आणि २०२५ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. काकाजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडे पाहिलं. "मंग तुमी काहून इतके हळू चालवता बाप्पा? मघाशी येताना पाहिलं म्या."

त्या दिवशी मला सोडायला कोणी उठेना. मी बायकोची स्कूटर घेऊन आलो होतो, म्हटलं मीच जातो. पिशवी हुकाला अडकवली. तिघंही मागून आले, "तुझी स्टाईल पाहू दे" म्हणून.

माझी स्टाईल अशी: दोन्ही पाय बाहेर, दोन्ही जमिनीपासून चार बोटं वर. रॉसीने एकच सोडला, मी दोन सोडतो. आणि एक गोष्ट मी त्यांना नेहमी ऐकवतो. मिक दुहान या जुन्या शर्यतपटूचा उजवा पाय १९९२ मध्ये ॲसनच्या अपघातात जवळजवळ गेला होता. पायाने मागचा ब्रेक दाबता येईना, म्हणून त्याने तो डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी बसवून घेतला आणि १९९४ पासून सलग पाच वेळा जगज्जेता झाला. स्कूटरचा मागचा ब्रेकही डाव्या हातातच असतो. म्हणजे माझी परंपरा थेट दुहानची.

प्रतापनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंट रोड संपतो आणि गट्टू (फरशीसारखे सिमेंटचे ठोकळे) सुरू होतात. मधे तीन बोटं उंचीची पायरी आहे आणि पायरीवर कुणाच्या तरी बांधकामाची गिट्टी. मी वळलो, गिट्टी पाहिली आणि आयुष्यभराच्या सवयीने उजवा हात आवळला. पुढचा ब्रेक. मग आकाश. वेग अठरा. हा आकडा पक्का आहे, कारण आडव्या पडलेल्या माणसाला आडव्या पडलेल्या स्कूटरचं मीटर अगदी समोर दिसतं, आणि शेवटी पाहिलेला आकडा डोक्यात छापून राहतो.

तिघांच्या गाड्या मागे थांबल्या. मला वाटलं, आता उचलतील.

"लोसाइड," शेहेचाळीस म्हणाला.

"हायसाइड नाही काय?"

"भैताडा, हायसाइडमध्ये मागचं चाक आधी घसरते, मग अचानक पकडते अन् माणूस वर फेकला जाते. हा वर कुठं गेला? जागच्या जागी झोपला."

"फ्रंट गेला त्याचा," नव्याण्णव खाली वाकून गिट्टी तपासत म्हणाला. "झटक्यात दाबला. हळूहळू दाबायचा असते, लोण्यावानी."

त्र्याण्णव माझ्या कोपराकडे पाहत होता. कोपर सोललं होतं. त्याच्या डोळ्यांत मला प्रथमच आदर दिसला. "कोपर टेकला बे याचा," तो म्हणाला. "फक्त उचलता नाही आलं."

"मले उचला ना बे आधी," मी म्हणालो.

पिशवी हुकाला तशीच लटकत होती. रबर जागच्या जागी, चार वेढे शाबूत, एक थेंब सांडला नव्हता. निकाल काय लागला ते मी त्यांना विचारलं, पण तोवर ते पुढच्या चाकाला कुठल्या कोनात गिट्टी लागली यात शिरले होते.

घरी बायकोने आधी पँटकडे पाहिलं. "टोंगळा टेकला वाटते," एवढंच म्हणाली, आणि मग स्कूटर पाहायला खाली गेली. बराच वेळ वर आली नाही.

पुढच्या रविवारपर्यंत तिघांनी मिळून स्कूटरच्या पुढच्या बाजूला मोठा पिवळा १८ चिकटवला होता. बायकोने तो पाहिला आणि ओढून काढला. आठ निघाला. एक निघता निघेना, तो उन्हाने पक्का चिकटला होता. तेव्हा आता तिच्या स्कूटरवर नुसता १ आहे.

ठेल्यावर गाडी लावली आणि झालं. १ हा आकडा गतसालच्या जगज्जेत्याचा मान. स्टोनरने तो लावला, लोरेन्झोने लावला. रॉसीने कितीदा जिंकूनही ४६ सोडला नाही, मार्केझने ९३ सोडला नाही. "ज्याले स्वतःचा नंबर आहे तो एक कायले लावन?" शेहेचाळीस म्हणाला. "ज्याची लायकी आहे तो लावते," नव्याण्णव म्हणाला. पोहे आले होते. सत्तावीस हळूच चप्पल शोधायला लागला.