पंचांची पाठ आणि काकांची हेराल्ड

माझ्या नव्या कॅमेऱ्याला माणसाचे डोळे ओळखता येतात. दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मला भरून आलं, कारण आमच्या घरात माझ्या डोळ्यांत बघून बोलायची पद्धत मागेच बंद झाली आहे. "साहेब, खेळाडू कितीही पळू दे, हा त्याचा डोळा सोडणार नाही," तो म्हणाला. मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले आणि घरी 'सेलमध्ये अर्ध्या किमतीत' असं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग उरलेले अर्धे कुठायत?"

पहिल्याच कबड्डी स्पर्धेत कॅमेरा खरोखर डोळ्यांना चिकटला. फक्त ते डोळे चढाई करणाऱ्याचे नव्हते. मैदानामागे मंडळाने बारा बाय आठचा फ्लेक्स लावला होता आणि त्यावर प्रमुख पाहुणे हात जोडून हसत उभे होते. चढाईपटू बिचारा घामेजलेला, मान खाली घालून समोरच्यांच्या अंगणातल्या 'निदानरेषे'कडे सरकणारा. पाहुणे मात्र एका जागी, समोर बघणारे आणि डोळे जेवणाच्या ताटाएवढे. कॅमेऱ्याने आपल्या बुद्धीप्रमाणे योग्य उमेदवार निवडला. त्या दिवशीच्या फोटोंत पुढून काहीतरी निळं-लाल धूसर जातंय आणि मागे पाहुण्यांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

मंडळाचे अध्यक्ष मात्र फोटो बघून बेहद्द खूश झाले. त्यांना हवं होतं तेच आलं होतं.

कबड्डीचे फोटो काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढले नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. चढाई तीस सेकंदांची. त्यातली सत्तावीस सेकंदं तो गडी नुसता डुलत असतो, आपण बटणावर बोट ठेवून त्याच्यासारखेच डुलत असतो. मग अचानक डावा कोपरारक्षक घोटा पकडतो, मध्यरक्षक कमरेला मिठी मारतो, चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवत सूर मारतो आणि बरोबर त्या क्षणी माझ्यासमोर पंच येतात. पंचांचा यात दोष नाही, त्यांना रेषा बघायची असते. पण मी डावीकडे बसलो तर डावीकडचे पंच येतात, उजवीकडे बसलो तर उजवीकडचे. कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेतो, म्हणजे तीस सेकंदांच्या चढाईचे सहाशे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव संपेपर्यंत कार्ड भरतं आणि त्यात पंचांच्या पाठीची इतकी विविध दर्शनं असतात की कुठल्याही शिंप्याने तेवढ्यावर त्यांचा शर्ट बेतून द्यावा.

बरं, उजेडाचं काय? शाळेच्या सभागृहात सामने असले की आणखी मजा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण मी कॅमेऱ्याचा पडदा एक हजारांश सेकंदच उघडेल असा लावला की त्याला नेमका त्या लुकलुकीचा एकेक तुकडा मिळतो. लागोपाठच्या तीन फोटोंत एकच खेळाडू आधी गोरापान, मग कावीळ झालेला आणि मग नुकतंच लोडशेडिंग झाल्यासारखा दिसतो. एका कर्णधाराने फोटो बघून मला काळजीने विचारलं होतं, "सर, माझं रक्त तपासून घेऊ का?"

कोपऱ्यात जमिनीला टेकून बसलं की फोटो चांगले येतात, असं जाणकार सांगतात. खरं आहे. पण पुरुष गटाला पंच्याऐंशी किलोची वजनमर्यादा आहे आणि ती छायाचित्रकारावर पडण्यासाठी पुरेशी आहे, हे जाणकार सांगत नाहीत. मी स्वतः दोनदा बाद झालोय. एकदा तर माझ्यावर चार जण होते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

या सगळ्याला कंटाळून मी ठरवलं की आता जे पळत नाही त्याचे फोटो काढायचे. तिथे काका भेटले.

काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे १९६५ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मूळ गाडी इंग्लंडातल्या ट्रायम्फ कंपनीची, रेखाटन मिकेलोटी नावाच्या इटालियनाचं आणि १९६१पासून जुळणी मद्रासला. हिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे पुढच्या चाकावर बूड टेकून इंजिनाशी निवांत गप्पा मारता येतात. काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे बसतात. काकू म्हणतात, "आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, माझ्याशी एवढं बोलले असते तर निदान आमटीत मीठ कमी का पडतं ते तरी कळलं असतं."

या गाडीचा टप बोल्टने बसवलेला असतो. काकांच्या वडिलांनी तो कुठल्याशा उन्हाळ्यात उतरवला आणि त्या जागी कापडी घडीचा टप शिवून घेतला. लोखंडी टप अजून माळ्यावर आहे, त्यात काकू वाळवणं ठेवतात. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतील, वीस हजार रुपये शुल्क पडेल आणि रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला ती वापरता येणार नाही. काकांची फाइल 'मूळ रूप' या दोन शब्दांपाशी अडून बसली आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की बोल्टचा टप काढल्याने रूप बदलत नाही. "टोपी काढली म्हणून माणूस बदलतो का रे?" माझं वय त्रेपन्न. नियमाच्या पहिल्या अटीत मी बसतो, पण 'मूळ रूप' म्हटलं की मीही गप्प बसतो.

पहिल्या दिवशी मी नुसतं म्हणालो, "काका, तुमच्या उघड्या गाडीचे फोटो काढू का?"

"उघडी? उघडी गटारं असतात."

मग अर्धा तास शिकवणी झाली. काचा वर-खाली होतात ती ड्रॉपहेड, म्हणजे कन्व्हर्टिबल. काचाच नाहीत आणि चौघं बसतात ती टूरर. दोघांचीच ती रोडस्टर. या तिघींची गल्लत करणाऱ्याला काका आपल्या घरी पाणीसुद्धा विचारत नाहीत. मी वहीत लिहून घेतलं, तेव्हा कुठे फाटक उघडलं.

थांबलेल्या गाडीचे फोटो सोपे, असा माझा समज पंधरा मिनिटं टिकला. जुन्या गाडीला जागोजागी क्रोम असतं. बंपर, दिव्यांच्या कडा, आरशाची पाठ, चाकांच्या वाट्या. या प्रत्येकात मी होतो. बंपरमध्ये मी आडवा, दुधी भोपळ्यासारखा. दिव्याच्या कडेत चतकोर. चाकाच्या वाटीत पोट पुढे, डोकं लिंबाएवढं आणि पाय जवळजवळ नाहीतच. मी भिंगावर पोलरायझर चढवला. तो काचेवरची, रंगावरची, पाण्यावरची चकाकी कापतो. चकचकीत धातूवरची कापत नाही. म्हणजे समोरच्या काचेतलं गुलमोहराचं सुरेख प्रतिबिंब गेलं आणि वाटीतलं माझं पोट आणखी उठून दिसायला लागलं. मी खाली वाकलो, आडवा झालो, शेवटी काकूंची काळी छत्री पुढे धरून तिच्या भोकातून फोटो काढला. त्या फोटोत वाटीत एक छत्री आहे आणि छत्रीखाली पोट आहे.

काका बाजूला पिवळं फडकं घेऊन उभेच. मी बटण दाबणार एवढ्यात, "थांब, बोटाचा ठसा आहे." ठसा पुसायला ते पुढे येतात, पुसून मागे होतात, मागे होताना दुसरीकडे हात टेकतात. हे चक्र सूर्यास्तापर्यंत चाललं.

मुंबईला हॉर्निमन सर्कलजवळून जुन्या गाड्यांची रॅली निघाली तेव्हा काकांबरोबर मीही गेलो. चालत्या गाडीचा फोटो म्हणजे पॅनिंग. पडदा एक साठांश सेकंद उघडा ठेवायचा, पाय रोवायचे आणि कमरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्वच्छ येते आणि मागचं जग वेगाने पळाल्यासारखं दिसतं. अडचण एवढीच की त्या गर्दीत गाड्या बैलगाडीच्या चालीने जात होत्या. माझं वळणं संपायचं, गाडी तिथेच असायची. अनेक फोटोंत मागचं जग अगदी स्पष्ट आहे आणि त्यातला फुटपाथवरचा कुल्फीवाला हेराल्डला मागे टाकून गेलेला आहे. कमरेत चमक भरली ती वेगळीच. शिवाय टप उघडा आणि वर कबुतरं. यावर अधिक लिहीत नाही. फडकं कमी पडलं, एवढंच सांगतो.

माझ्या या दोन्ही छंदांची गाठ एप्रिलमध्ये पडली. मंडळाच्या संघाने स्पर्धा जिंकली आणि अध्यक्षांनी काकांकडे मिरवणुकीसाठी गाडी मागितली. भाडं घ्यायचं नाही हे काकांनी आधीच ठरवलं होतं, उद्या व्हीएच्या फाइलीत कोणी बोट ठेवायला नको. अटी तीन: गाडीत फक्त कर्णधार आणि चषक, गुलाल नाही, पाय सीटवर नाहीत. सगळ्या अटी अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून मान्य केल्या.

चौकात हलगी सुरू झाली आणि गाडीत कर्णधार बसला. मग उपकर्णधार बसला, कारण तो नाही तर पकडी कोणी केल्या? मग ज्याने शेवटच्या चढाईत बोनस आणला तो. दहा मिनिटांत बाराच्या बारा जण दोन दारांच्या गाडीत होते, पाच जण मागे घडी केलेल्या टपावर. हेराल्ड मागून अशी बसली की पुढचे दिवे आकाशाला लागले. काका सुकाणू धरून एकच वाक्य म्हणत होते, "कमानपाटा... माझा कमानपाटा..." गुलाल कोणी उधळला हे शेवटपर्यंत कळलं नाही. क्रीम रंगाच्या रेक्झिनवर तो फार खुलून दिसत होता, पण ते मी बोललो नाही.

मी पुढे उलटा चालत फोटो काढत होतो. गाडीमागे दोन पोरं बांबूंना बांधून तोच फ्लेक्स नाचवत होती. माझा कॅमेरा आनंदाने चिरकला आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर जाऊन बसला. बारा विजेते धूसर, काका धूसर, मिशी रेखीव. मी आपोआप डोळे शोधणं बंद करायला मेनूत शिरलो. त्या मेनूत शिरलेला माणूस मिरवणूक संपायच्या आत बाहेर येत नाही.

मी मेनूच्या चौथ्या पानावर असताना वळीव आला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग बादलीच उपडी. काका किंचाळले, "टप! टप ओढा!" आता हा टप चढवायला दोन माणसं आणि बारा मिनिटं लागतात, तीही टपावर पाच पैलवान बसलेले नसताना. पाच जण उतरले, सात जणांनी पाचही बाजूंनी सांगाडा ओढला आणि सांगाडा अर्ध्यावर येऊन जो अडकला तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. डॅशबोर्डवर पाणी. गुलालाचा रस सीटवरून ओघळतोय. काका तर आता काही म्हणतही नव्हते.

मग कर्णधार ओरडला, "फ्लेक्स आण!"

पोरांनी बांबू सोडले. बारा जणांनी फ्लेक्सची कडा धरली, जशी मैदानात साखळी धरतात तशी, आणि अख्खा बारा बाय आठचा कागद गाडीवर ताणला. पाहुणे उताणे झाले आणि मुसळधार आकाशाकडे बघत हात जोडून हसत राहिले. खाली काका सुकाणूवर, कोरडे. एक कोपरा मात्र लोंबत होता, तिथून धार थेट काकांच्या मानेत जात होती. मी कॅमेरा शर्टाच्या आत कोंबला आणि तो कोपरा धरला.

असे आम्ही तेरा जण ती गाडी पाठीमागून ढकलत, वरून झाकत, पहिल्या गियरमध्ये गल्लीपर्यंत घेऊन गेलो. हलगीवाल्याने वाजवणं थांबवलं नव्हतं.

या प्रसंगाचा मी एकही फोटो काढलेला नाही. दोन्ही हात गुंतले होते. पण कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीखाली उभ्या एका आठवीतल्या पोराने काच तडकलेल्या मोबाइलवर एक काढला. त्यात सगळे स्पष्ट आहेत. बारा खेळाडूंचे बारा चेहरे, पावसाच्या रेघा, काकांचा वर बघणारा चेहरा, बंपरमध्ये उलटी दिसणारी पूर्ण गल्ली. समोर पंच नाहीत. डावीकडच्या कोपऱ्यात मी आहे, पाय व्यवस्थित लांबीचे, शर्टाच्या आत कॅमेऱ्याचा फुगवटा. बायकोने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पोट जास्तच सुटलंय." तो कॅमेरा आहे हे मी सांगितलं. त्यावर तिने किंमत पुन्हा विचारली.

आठवड्याने काकांचा फोन आला. आवाज बरा होता. सांगाडा सुटला होता, रेक्झिन मात्र कायमचं गुलाबी झालं होतं.

"तो फोटो मी फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलाय रे," ते म्हणाले. "झकास आलाय."

"हो ना, काका."

"त्या पोराचा नंबर आहे का तुझ्याकडे? पुढच्या रॅलीला त्याला न्यावं म्हणतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तूही ये. छत्री धरायला कोणीतरी लागेलच."