होथचे मासे आणि वेंगुर्ल्याचे सासरे

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ईशान्येला समुद्रात घुसलेलं होथ नावाचं गाव आहे. 1576 च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरची ग्रेस ओमॅली नावाची दर्यावर्दी बाई तिथे उतरली आणि होथच्या किल्ल्याच्या दारात उभी राहिली. 'मालक जेवायला बसलेत' असं सांगून तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. बाईने घराण्याचा वारसच उचलला, जहाजावर घातला आणि पश्चिमेकडे मेयो परगण्यात नेला. सोडवायला आले त्यांच्याकडून तिने पैसे घेतले नाहीत. इथून पुढे जेवणाच्या वेळी किल्ल्याचं दार बंद करायचं नाही आणि आगंतुकासाठी एक पान जास्तीचं मांडायचं, एवढं कबूल करून घेतलं. दंतकथाच आहे, पण ते जादा पान त्या घराण्याने पुढे पिढ्यानपिढ्या मांडलं म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी किल्लाच विकून टाकला. पानाचं काय ठरलं, ते खरेदीखत बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मी या बाईची भक्त आहे. कारण रविवारी दुपारी आधी न कळवता होथला जेवायला गेलं की आजही तस्संच होतं. फरक इतकाच, की हल्ली मालक जेवत नसतात, अख्खं डब्लिन जेवत असतं. आणि आपल्याला कुणाचं पोरगं उचलता येत नाही.

होथ हे देशातल्या सहा मुख्य सरकारी मासेमारी बंदरांपैकी एक. डार्ट नावाच्या लोकल गाडीचं हे शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की समोर मचवे, जाळ्यांचे ढीग, आणि वेस्ट पिअर नावाच्या धक्क्यावर ओळीने माशांची दुकानं आणि हॉटेलं. इथे मासे खायला मिळणं अवघड असेल असं कुणालाही वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं, पण मग सासू-सासरे आले.

सासरे वेंगुर्ल्याचे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून नेमक्या त्या दिवसांत त्यांनी आमच्याकडे यायचं ठरवलं. मुलाची आठवण वगैरे सगळं खरं, पण सुका बांगडा आणि सोडे यांच्यावर दोन महिने काढण्यापेक्षा मुलगा बरा, असा त्यात हिशेब होता. विमानतळावरून घरी येताना पहिला प्रश्न आला, "हंय बाजार किती वाजता भरता?"

मी होथच्या एका हॉटेलात टेबल राखून ठेवलं. राखायचं म्हणजे कार्डाचा नंबर आधी द्यायचा, न आल्यास माणशी दंड भरायला संमती द्यायची आणि दीड तासात उठायचं कबूल करायचं. बाबांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कुर्ली खाऊची नाय म्हण ना. दीड तासात एक नांगी सोलून होता." नवरा खिडकीबाहेर बघत होता. आई-वडील आले की तो बराच वेळ खिडकीबाहेर बघतो.

तासभर आधीच पोचलो, कारण बाबांना आधी मासळी बघायची होती. दुकानात काचेमागे बर्फावर सगळं मांडलेलं: हेक, कॉड, हॅडॉक, सॅमन. सगळ्यांची डोकी उडवलेली, काटे काढलेले, पांढरेशुभ्र चौकोनी तुकडे. बाबांचा उजवा हात सवयीने पुढे झाला आणि काचेवर आपटला. "कल्ले खंय? डोळो खंय? ताजो काय शिळो, कसा कळतला?" दुकानदार हसून म्हणाला, आज सकाळचाच आहे. बाबा उभ्या जन्मात असं वाक्य खरं मानून चाललेले नाहीत. मग कोपऱ्यात त्यांना मॅकरेल दिसले. अख्खे, डोक्यासकट, पाठीवर काळे-निळे पट्टे आणि लकाकणारे डोळे. आपल्या बांगड्याचे हे लांबचे भाऊ. सगळ्यात स्वस्त तेच होते. इथली पोरंसोरं उन्हाळ्यात धक्क्यावर गळ टाकून ते काढतात, त्यामुळे त्यांना फारसा मान नाही. बाबा काचेजवळ वाकून त्यांच्याशी डोळ्याला डोळा लावून उभे राहिले. आईंनी त्यांना खांद्याला धरून बाहेर आणलं.

धक्क्याच्या टोकाकडे दगडात कोरलेली दोन पावलं आहेत. 1821 मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज इथे बोटीतून उतरला, तेव्हा एका पाथरवटाने त्याच्या पावलांभोवती कोरून घेतलं. राजा पुष्कळ प्यायलेला होता असंही सांगतात. मी हे सगळं रंगवून सांगितलं. बाबांनी पावलं बघितली आणि विचारलं, "हंय जेवलो काय?" माहीत नाही म्हटलं. "मग शाणो होतो," म्हणाले.

हॉटेलात बसल्याबसल्या पोरगी आली आणि अदबीने विचारू लागली, कुणाला कसली अ‍ॅलर्जी आहे का? आयर्लंडमध्ये हा प्रश्न नमस्काराच्या जागी आहे. युरोपच्या नियमानुसार चौदा पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. म्हणून मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात. कवचवाले निराळे, शिंपल्यातले निराळे, मासे निराळे, शिवाय मोहरी, तीळ, सेलरी. आमच्या आईंना हे आकडे किमतीचे वाटले आणि त्या बराच वेळ खुशीत होत्या. चौदांत मिरची नाही, हे मात्र मी तपासलं. जे घालतच नाहीत त्याची सूचना कशाला द्यायची!

मी बाबांना मराठीत विचारलं, कशाने त्रास होतो का? हा प्रश्न त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी इतक्या आस्थेने विचारला नसावा. त्यांनी वालापासून सुरुवात केली, फणसावर आले, मग रात्रीच्या चण्यांनी काय होतं ते हातवारे करून सांगितलं. पोरगी पेन्सिल धरून उभी. "नाही म्हणतायत," मी म्हटलं.

सुरुवातीला कार्लिंगफर्डची कालवं मागवली. कालवं म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर ओहोटीच्या वेळचे खडक, कोयता आणि सुकं असं सगळं उमटून गेलं. आली ती बर्फावर, उघड्या शिंपल्यात, अर्ध्या लिंबासकट, कच्ची. मी एकावर लिंबू पिळलं. त्याची काळी झालर हळूच आत ओढली गेली. बाबांनी माझा हात धरला. "जिवंत आसा?" हो, जिवंतच खातात. "आणि हे आमका कोयत्याबद्दल विचारतले!" आईंनी ताट हळूच माझ्या नवऱ्याकडे सरकवलं. त्याने गिळलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. वीसेक युरो त्या खिडकीबाहेर गेले.

मग चाउडर. जाडसर पांढरं सूप, त्यात हॅडॉक, सॅमन, शिंपले, बटाटा आणि सढळ हाताने दूध-साय. या देशात प्रत्येक हॉटेलाचं चाउडर देशात सगळ्यात चांगलं असतं. सोबत ताकात भिजवलेल्या पिठाचा, सोडा घालून भाजलेला तपकिरी पाव आणि खारं पिवळंधमक लोणी. आईंनी चमचा घातला, वर काढला, वास घेतला. "गो, ह्या दूध मा?" दूध आणि मासे! अंगावर कोड उठतं, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं, त्यांनी आपल्या मुलांना सांगितलेलं. आमच्या लग्नाच्या बोलण्यातदेखील बहुधा हे निघालं असेल. इथली माणसं शतकानुशतकं हेच खातायत, असं मी म्हटलं. त्यांनी हॉटेलभर नजर फिरवली. सगळीकडे गोरीपान माणसं बसलेली. "ताच तर म्हणतंय," त्या म्हणाल्या.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नारळाचं दूध चालतं आणि गाईचं का चालत नाही, हा प्रश्न मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा विचारला होता. पुन्हा विचारण्याचं धाडस माझ्यात नाही.

मुख्य जेवण म्हणून बाबांना हेक आला. पांढऱ्या ताटात पांढरा मासा, पांढऱ्या बटाट्याच्या लगद्यावर, वरून लोण्याचा ओघळ आणि शेपूची एक काडी. बाबांनी सुरीने तुकडा उचलून खालून बघितला. "काटो खंय?" काढलाय. "हाड?" तेही काढलंय. "डोक्या?" बाबा, सगळं काढलंय. त्यांनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मासा उत्तम होता, ताजा होता, नेमका शिजला होता, हे त्यांच्या जिभेला कळलं होतं, म्हणूनच राग जास्त. "इतको बरो मासो," ते म्हणाले, "आणि हेंनी तेका आजाऱ्याचा जेवाण केल्यानी."

मला वाटतं, यामागे शुक्रवार आहे. कॅथलिक माणसाने शुक्रवारी मांस खायचं नाही, प्रायश्चित्त म्हणून मासे खायचे, अशी इथली जुनी रीत. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण आला की मासे बंद आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. यांच्याकडे मासे आले की तोंडं उतरायची. ज्या देशाने पिढ्यानपिढ्या पापं फेडायला मासा खाल्ला, तो त्याला तिरफळं कशाला घालील? प्रायश्चित्ताला चव आणली तर ते देवाला पोचेल का? बेटाच्या चारही बाजूंना समुद्र असून इथले चांगले प्रॉन्स मोठ्या प्रमाणात इटली, स्पेन, फ्रान्सला रवाना होतात, यातच सगळं आलं. अलीकडे होथसारख्या गावांनी माशाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, हे कौतुकाचंच. पण फोडणीची वाट अजून बघावी लागेल.

आईंनी घेतल्या होत्या खेकड्याच्या नांग्या, लसूण-लोण्यात परतलेल्या. सोललेल्या, धरायला टोकाला तेवढं कवच ठेवलेलं. फोडायचं नाही, चोखायचं नाही, दाताखाली कडकन वाजायचं नाही. त्या नांग्या आईंना आवडल्या, हे मी पाहिलं. पण बाबांनी विचारलं, "कुर्लेचा बाकीचा आंग खंय?" आणि सगळ्यांना त्या न आलेल्या खेकड्यासाठी थोडा वेळ शांत बसावं लागलं.

तेवढ्यात बाबांना कालवांच्या ताटाशेजारी टबॅस्को नावाच्या तिखट सॉसची चिमुकली बाटली दिसली. झाकण उघडून त्यांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला आणि पहिल्यांदा सरळ बसले. मग उजव्या हाताने बाटली, डाव्या हाताने बूड थोपटत, अख्ख्या हेकवर लाल ठिपक्यांची रांगोळी घातली. त्या बाटलीतून थेंबाथेंबानेच येतं, तेव्हा हा कार्यक्रम बराच चालला. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी चमचा खाली ठेवून बघितलं. पोरगी लांबून बघत होती. ती आत गेली आणि न मागता दुसरी बाटली घेऊन आली. या देशातल्या माणसांना मसाला कळत नसेल, पण माणूस कळतो. बाबांनी तिला "थँक्यू गो बाय" म्हटलं. ताट धुतल्यासारखं स्वच्छ झालं. दीड तास पूर्ण व्हायला दहा मिनिटं असताना बिल आलं. ते मी नवऱ्याकडे दिलं आणि या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं.

पोटं भरली होती, पण जेवल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून बाहेर बेशॉफच्या दुकानातून तळलेले मासे आणि चिप्स घेतले. या दुकानाच्या मूळपुरुषाची गोष्ट बाबांना फार आवडली. इव्हान बेशॉफ हा 1905 मध्ये रशियाच्या पोटेम्किन युद्धनौकेवर बंड करणाऱ्या खलाशांपैकी एक. अळ्या पडलेलं मांस खायला घातलं म्हणून बंडाची ठिणगी पडली होती. हा माणूस हिंडत हिंडत आयर्लंडला आला, मासे तळायचं दुकान काढलं आणि थेट 1987 पर्यंत जगला. "जेवणावरसून बंड?" बाबा विचारात पडले. मी घाईने विषय बदलला.

धक्क्यावर बसून पहिली चिप तोंडाशी नेली तोच वरून पांढरं काहीतरी आलं आणि बाबांच्या हातातला माशाचा तुकडा घेऊन गेलं. सीगल. पिवळी चोच, तिच्यावर लाल ठिपका, आणि डोळ्यात लाजेचा लवलेश नाही. बाबांनी छत्री उगारली. 1976 च्या कायद्याने इथल्या रानपक्ष्यांना संरक्षण आहे, हे मी त्यांना धावत धावत सांगितलं. खाली पाण्यात दोन सील डोकी वर काढून मचव्याकडे बघत होते. सीलना खायला घालू नका अशी पाटी आहे, तरी मचव्यावरून काहीतरी निसटलं आणि एका सीलने अख्खा मासा वरच्यावर झेलला. बाबा छत्री टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. "तेका डोक्यासकट मिळता," ते म्हणाले.

परतताना मॅकरेल घेतले, हे सांगायला नकोच. दुकानदाराने डोकी उडवायला सुरी उचलली तेव्हा बाबा मराठीत ओरडले आणि त्याला ते समजलं. रात्री सोलं, तिरफळं आणि फ्रीजमधला खवलेला नारळ घालून जे काही झालं, त्यानंतर धूर ओळखणारा भोंगा अर्धा तास वाजत होता आणि बाबा त्याच्याखाली बसून शांतपणे भुरकत होते.

तरीही दुसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, पुन्हा एकदा जाऊया. नांग्यांसाठी, असं त्या म्हणाल्या नाहीत. बाबा एका अटीवर तयार झाले: मासा अख्खा पाहिजे, आणि हे आधीच कळवायचं. मी फॉर्म भरला. 'आणखी काही सांगायचंय का' अशी एक चौकट होती, त्यात सविस्तर लिहिलं, की आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांसाठी माशाच्या डोक्याबाबत विशेष काळजी घ्यावी.

संध्याकाळी उत्तर आलं. टेबल पक्कं आहे, पाहुण्यांच्या अ‍ॅलर्जीची नोंद घेतली आहे, आणि माशाचं डोकं त्यांच्या आसपाससुद्धा येणार नाही याची स्वयंपाकघर जातीने खबरदारी घेईल.